चार गळे आणि एक सॅक्सोफोन : हिलिअर्ड एन्सेम्बलचं प्रकरण

१९९३ च्या सप्टेंबरात ऑस्ट्रियाच्या पश्चिम टोकाला, फोरार्लबर्गच्या डोंगरांत, सांक्ट गेरोल्ड नावाच्या मठात एक ध्वनिमुद्रण झालं. गाणारे चौघे इंग्लिश पुरुष, सोबतीला नॉर्वेचा एक जाझ सॅक्सोफोनवादक. गायकांपुढे मध्ययुगातल्या आणि सोळाव्या शतकातल्या लॅटिन धार्मिक रचना होत्या, स्वरन् स्वर लिहिलेल्या. सॅक्सोफोनवाल्यासाठी मात्र एक ओळही लिहिलेली नव्हती. त्याने ऐकायचं आणि सुचेल ते वाजवायचं, एवढंच ठरलेलं.

पुढच्या वर्षी ‘ऑफिशियम’ या नावाने तो आल्बम आला आणि दहा लाखांवर खपला. अर्ली म्युझिक, म्हणजे ढोबळमानाने अठराव्या शतकातल्या बाख या जर्मन रचनाकाराच्या आधीचं युरोपीय संगीत, हे मुळात मूठभर लोकांचं वेड. तिथे काही हजार प्रती गेल्या तरी लोक समाधान मानतात. त्यामुळे हा आकडा त्या दुनियेला पचायला जड गेला. गाणारी मंडळी होती हिलिअर्ड एन्सेम्बल. वीस वर्षं त्यांनी एकाच गोष्टीवर नाव कमावलं होतं : जुनं संगीत, भेसळ न करता, नेमकं गाणं. मग अशा मंडळींनी तीनशे वर्षं उशिरा जन्मलेलं वाद्य शेजारी का उभं करून घेतलं? आणि केलं ते जमलं कशामुळे?

‘फ्यूजन होतं, चाललं’ एवढं म्हणून हा विषय मिटवता येतो. मला ते पटत नाही. फ्यूजनच्या नावाखाली दोन्ही बाजू अर्धी अर्धी वाट चालून येतात आणि मध्ये भेटतात. बहुतेक वेळा त्या मधल्या जागी फारसं काही नसतं. इथे गायक जागचे हललेच नाहीत, आणि हे प्रकरण उभं राहिलं ते त्यामुळेच, असं माझं मत आहे.

आधीची वीस वर्षं

हिलिअर्डची स्थापना १९७४ ची. पॉल हिलियर हा बॅरिटोन (मधल्या पट्टीचा), पॉल एलियट हा टेनर (त्याहून वरच्या पट्टीचा) आणि डेव्हिड जेम्स हा काउंटरटेनर ही सुरुवातीची नावं. एन्सेम्बलचं नाव घेतलं निकोलस हिलिअर्ड या चित्रकारावरून. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या दरबारात हा तळहाताएवढी व्यक्तिचित्रं काढायचा. नावातच आकाराची घोषणा होती : आम्ही लहान, आणि लहानच राहणार.

इंग्लंडमध्ये त्या दशकात अशा मंडळ्या भराभर निघत होत्या. पीटर फिलिप्सने ऑक्सफर्डमध्ये टॅलिस स्कॉलर्स सुरू केलं ते १९७३ साली. याचं कारण त्या देशाच्या चर्चव्यवस्थेत आहे. तिथल्या कॅथीड्रलांत आणि ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या कॉलेजांच्या चॅपलांत मुलं आणि पुरुष जवळजवळ रोज उपासनेला गातात. संध्याकाळी गायचा कागद दुपारी हातात येतो आणि तो बघताक्षणी सुरात गाता यावा लागतो. दहा-बारा वर्षं ही मजुरी केलेला गायक सोळाव्या शतकातली रचना वर्तमानपत्रासारखी वाचतो. असे गायक इतर कुठल्या देशात इतक्या संख्येने तयार मिळत नव्हते.

काउंटरटेनर हाही त्याच व्यवस्थेचा प्रकार. पुरुषाने वरच्या, हलक्या आवाजात बायकांच्या पट्टीत गायचं. मराठी वाचकाला लगेच बालगंधर्व आठवतील, पण ते इथे उपयोगाचे नाहीत. काउंटरटेनर कुणाची भूमिका करत नसतो, तो फक्त चार ओळींतली वरची ओळ सांभाळतो.

ओळी म्हणायचं कारण, हे संगीत एका गळ्याचं नाही. तीन, चार, कधी पाच स्वतंत्र चाली एकाच वेळी चालतात आणि त्यांच्या भेटीगाठींतून रचना घडते. आपल्याकडे याची सवय असलेले कान मुख्यतः गोव्यात. तिथल्या पॅरिश शाळांनी पिढ्यान् पिढ्या मुलांना सोल्फेज (लिहिलेले स्वर वाचून गाणं) आणि व्हायोलिन शिकवलं, तिथून निघालेले वादक आणि संयोजक मुंबईच्या चित्रपटसंगीतात आले, आणि आपण ज्याला नुसतं ‘मागचं म्युझिक’ म्हणतो ते बरंचसं त्यांनी लिहून ठेवलं. लेंटच्या उपवासकाळात गोव्यातल्या चर्चांत लॅटिन मोतेत, म्हणजे अनेक ओळींची धार्मिक गीतं, आजही ऐकायला मिळतात.

हिलिअर्डचा कटाक्ष होता, एका ओळीला एकच गायक. टॅलिस स्कॉलर्समध्ये साधारण दहा जण उभे राहतात, म्हणजे बहुतेक ओळींना दोघे दोघे. दोघे असले की एकाने श्वास घेताना दुसरा धरून ठेवतो. एकच असला की सगळं उघडं. घसा बसलाय, सूर जरा उतरलाय, शब्द गिळला, काहीच लपत नाही. खर्चाच्या दृष्टीने मात्र ही रचना फार सुटसुटीत : चार माणसं, चार तिकिटं, वाद्यं नाहीत, कंडक्टर नाही. जुन्या संगीताची मंडळी बुडते ती बहुतेकदा प्रवासखर्चात. हिलिअर्डला जगभर फिरता आलं त्यात या हिशेबाचा वाटा मोठा आहे, आणि संगीताबद्दल लिहिणारे लोक हे सांगायला उगाच लाजतात.

गळा लावायचा कसा

आता खरा पेच. तेराव्या किंवा पंधराव्या शतकातल्या हस्तलिखितात स्वर आहेत, पण लय किती, आवाज किती मोठा, कुठली पट्टी, गळा कसा लावायचा, यातलं जवळजवळ काहीच नाही. आपल्या ख्यालाची परिस्थिती बरोबर उलटी आहे. आपल्याकडे कागद नव्हता, पण गुरू समोर बसलेला होता. यांच्याकडे कागद आहे, पण गुरू चारशे वर्षांपूर्वी गेला आणि मधली साखळी तुटली. त्यामुळे ‘अस्सल’ असं जे काही गायलं जातं ते अखेर आजच्या माणसाने केलेलं अनुमान असतं. हिलिअर्डमधले गायक हे जाणून होते, आणि पुढच्या निर्णयात ही गोष्ट कामाला आली.

अनुमान करायला एक जागा भक्कम होती : सुरांचं प्रमाण. रॉजर्स कव्ही-क्रंप या टेनरचा हा खास अभ्यास. पियानोवर, आणि आपल्या हार्मोनियमवरही, सप्तकाचे बारा सारखे तुकडे केलेले असतात. अशा एका तुकड्याचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट. त्यातला शुद्ध गांधार ४०० सेंटवर बसतो. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गांधार ऐकू येतो तो असतो ३८६ सेंटच्या आसपास, म्हणजे चांगलाच खाली. उलट पायथागोरसच्या पद्धतीने पंचमावर पंचम रचत गेलं तर गांधार ४०८ वर जातो, ताठ आणि टोकदार. बाराव्या-तेराव्या शतकातल्या पॅरिसच्या संगीतात पंचम आणि षड्ज हेच विसाव्याचे स्वर. गांधार वाटेत लागतो, त्यामुळे तो ताठ असला तर शोभतो. पंधराव्या शतकाच्या पुढे गांधारावर थांबायची पद्धत पडली, तिथे तो ३८६ वर उतरला नाही तर कानाला टोचतो. म्हणजे एकाच कार्यक्रमात पूर्वार्धाचा गांधार वेगळा आणि उत्तरार्धाचा वेगळा, आणि चौघांनी तो एकाच वेळी बदलायचा. आकाशवाणीने हार्मोनियम का बंद ठेवली होती हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या खटाटोपाचं मोल वेगळं सांगायला नको.

असा सूर लावायचा तर गळ्यात कंप चालत नाही. ऑपेराच्या गायकाचा स्वर वरखाली थरथरत असतो. त्या थरथरीत १४ सेंटचा फरक वाहून जातो. हिलिअर्डचा आवाज सरळ आणि सपाट. कुणाला तो थंड वाटतो. पण असे चार सरळ स्वर दगडी इमारतीत नेमके जुळले की वर न गायलेले स्वरही ऐकू यायला लागतात. १९८९ साली ईसीएम कंपनीने त्यांचा पेरोतांचा आल्बम काढला. पेरोतां हा बाराव्या शतकाच्या अखेरीला पॅरिसच्या नोत्र दामशी जोडलेला रचनाकार. त्यात एक आवाज एकेक अक्षर मिनिटभर आणि त्याहूनही जास्त धरून बसतो आणि वरचे तिघे त्याच्यावर नाचत राहतात. धरलेला स्वर तसूभर हलला तर वरचं सगळं कोसळेल. हे ऐकल्यावर एवढं नक्की कळतं की ही माणसं कुणीही, काहीही, कितीही शेजारी वाजवलं तरी जागची हलणार नाहीत.

नव्याशी ओळख आधीच झालेली

सॅक्सोफोनच्या आधी आणखी एक गोष्ट घडली होती, आणि ती सोडून दिली तर १९९३ चा निर्णय अचानक घेतल्यासारखा वाटतो.

एस्टोनियाचा रचनाकार आर्वो पॅर्ट १९८० मध्ये सोव्हिएत संघ सोडून पश्चिमेला आला. बरीच वर्षं गप्प राहून जुन्या संगीताचा अभ्यास केल्यावर त्याची एक निराळी, अत्यंत कमी स्वरांची शैली तयार झालेली होती. एक आवाज पायरी पायरीने चालतो आणि दुसरा फक्त एका त्रिस्वरातले स्वर घेऊन त्याला सोबत करतो. नेहमीच्या ऑपेरा-गळ्याने हे गायलं की त्याचा चिखल होतो. हिलिअर्डकडे मात्र हव्या तशा आवाजाची तयारी होती, आणि ती त्यांनी भलत्याच कारणासाठी केलेली होती. १९८८ मध्ये त्यांनी पॅर्टची योहानच्या शुभवर्तमानावरची, तासाहून मोठी रचना मुद्रित केली. पेरोतां गाणारे गळे जिवंत माणसाच्या संगीताला तसेच्या तसे लागू पडतात, हे त्यातून दिसलं.

हे सगळं ज्या कंपनीने काढलं ती ईसीएम, म्युनिकची. मान्फ्रेड आयशरने १९६९ मध्ये ती जाझसाठी सुरू केली आणि १९८४ पासून लिखित संगीताची वेगळी मालिका काढली, पहिलाच आल्बम पॅर्टचा. म्हणजे एकाच छताखाली, एकाच निर्मात्याच्या हाताखाली, जाझवाले आणि चर्चसंगीतवाले दोघेही होते. फक्त एकमेकांना भेटले नव्हते.

दरम्यान १९९० मध्ये हिलियर बाहेर पडला. पुढारी गेला की अशी मंडळी मोडते किंवा दुसरा पुढारी शोधते. इथे दोन्ही झालं नाही. डेव्हिड जेम्स, कव्ही-क्रंप, जॉन पॉटर आणि गॉर्डन जोन्स या चौघांनी पुढारी न नेमता काम चालू ठेवलं. कुठलाही प्रस्ताव आला तर चौघांना पटायला हवा. पुढारी असता तर ‘आपल्या नावाचं काय होईल’ हा विचार एकट्याच्या डोक्यावर बसला असता; चौघांत तो वाटला गेला. हा माझा तर्क आहे, पण नव्वदनंतर त्यांनी जे जे केलं ते बघता तो चुकीचा वाटत नाही.

प्रस्ताव

कल्पना गायकांची नव्हती, वादकाचीही नव्हती. १९९१ मध्ये आयशर एका चित्रपटाच्या कामासाठी आइसलंडमध्ये होता. तिथल्या लाव्हाच्या काळ्या पठारांतून फिरताना तो हिलिअर्डने गायलेला जेझुआल्दो हा जुना इटालियन रचनाकार ऐकत होता, आणि नॉर्वेच्या यान गार्बारेकचा सॅक्सोफोनही. दोन्ही आवाज एकत्र आणावेत हे त्याला तिथे सुचलं.

गार्बारेकची निवड वाटते तितकी चमत्कारिक नव्हती. जाझवाला म्हटलं की भराभर स्वरांचा पाऊस पाडणारा वादक डोळ्यांसमोर येतो. हा तसा नाही. त्याचा स्वर लांब, उघडा, थोडा रडवा, बराचसा मानवी आवाजासारखा. नॉर्वेच्या मध्ययुगीन गाण्यांचा एक आल्बम त्याने गायिकेसोबत आधीच केला होता. उस्ताद फतेह अली खाँ यांच्याबरोबरचा त्याचा आल्बम १९९२ चा. त्याच्याही आधी, १९८७ मध्ये आलेल्या झाकीर हुसेन यांच्या आल्बममध्ये हरिप्रसाद चौरसियांच्या बासरीशेजारी आणि जॉन मॅक्लॉफलिनच्या गिटारशेजारी सॅक्सोफोन वाजवणारा हाच. म्हणजे एक स्वर धरून त्याच्या आजूबाजूला फिरायचं, सप्तकाबाहेर उड्या मारायच्या नाहीत, गाणाऱ्याला जागा सोडायची, हे त्याला भारत-पाकिस्तानच्या उत्तम लोकांत बसून माहीत झालेलं होतं. ऑस्ट्रियाच्या मठात तो तीच सवय घेऊन आला.

मठात काय झालं

आल्बमची सुरुवात क्रिस्तोबाल दे मोरालेसच्या ‘पार्चे मिही दोमिने’ने होते. मोरालेस स्पेनचा, सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धातला; रोमला पोपच्या गायकवर्गातही होता. ही रचना मृतांसाठीच्या उपासनेतली. त्याच्या बाकीच्या संगीतात चार ओळी एकमेकींचा पाठलाग करतात, तसं इथे काही नाही. चौघेही एकत्र, एकाच अक्षरावर, एकच स्वरपुंज घेऊन सावकाश पुढे सरकतात. बराच वेळ स्वर बदलतच नाही, फक्त शब्द पुढे जातात. मग एखादं पाऊल, पुन्हा थांबणं. कागदावर बघितलं तर ही रचना अगदी साधी, जवळजवळ रिकामी वाटते.

तो रिकामेपणा इथे कामाला आला. स्वरपुंज इतका वेळ स्थिर राहतो की वरून जाणाऱ्या वाद्याला हातपाय पसरायला जागा मिळते. गार्बारेकचा सोप्रानो सॅक्सोफोन आत शिरतो तो एखाद्या धरलेल्या स्वरातूनच उगवल्यासारखा. नंतर वर चढतो, काउंटरटेनरच्याही वर, आणि गायकांनी पाऊल टाकलं की त्यांच्या नव्या स्वराला येऊन मिळतो. आपल्या मैफिलीत हार्मोनियमवाला गायकाच्या मागोमाग जातो, त्याची जागा परत म्हणून दाखवतो. इथे ते करता येत नाही, कारण गायकाची चाल ठरलेली आहे आणि ती एकदाच होणार. वादकाला पुढचं पाऊल आधी ओळखावं लागतं किंवा चुकीच्या स्वरावर सापडलो तर तिथून बाहेर पडायची वाट काढावी लागते. दोन-तीन ठिकाणी तो असा सापडतो, आणि तिथली सोडवणूक मला आल्बममधली सगळ्यात सुंदर जागा वाटते.

ही रचना आल्बममध्ये तीनदा येते, सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी. बाकीच्या रचनांत पेरोतांची एक चाल आहे, पंधराव्या शतकातल्या द्यूफायचं एक स्तोत्र आहे, पिएर द ला र्यूची एक छोटी रचना आहे, आणि बरंचसं संगीत कुणाचं हे ठाऊकच नाही. निवड बघण्यासारखी आहे. गुंतागुंतीच्या पाच-सहा ओळींच्या रचना जवळजवळ नाहीत. जिथे मूळ संगीत भरगच्च आहे तिथे आणखी एक माणूस घुसवलं की गर्दी होते. जिथे एक-दोनच ओळी आहेत, किंवा चारही एकत्र चालतात, तिथे जागा उरते. सॅक्सोफोन कुठे वाजवायचा यापेक्षा कुठल्या रचना घ्यायच्या नाहीत हे ठरवण्यात खरं कौशल्य गेलं आहे.

आणि गायक? त्यांनी कंप आणला नाही, लय ढिली केली नाही, जाझवाल्याला बरं वाटावं म्हणून झोका दिला नाही. सॅक्सोफोन पुसून टाकला तर खाली जे उरेल ते हिलिअर्डच्या कुठल्याही आल्बममध्ये खपून गेलं असतं. दगडी इमारतीचा घुमारा मात्र ईसीएमने भरपूर ठेवला. माझ्या कानाला थोडा जास्तच.

आक्षेप

काहींनी नाकं मुरडली. सॅक्सोफोनचं पेटंट आदोल्फ साक्सने घेतलं १८४६ मध्ये. मोरालेस वारला १५५३ मध्ये. हे काय चाललंय, असा प्रश्न साहजिक होता. या आक्षेपाला पॉटर आणि मंडळींकडे उत्तर होतं, आणि ते मला योग्य वाटतं : त्या काळातले गायक लिहिलेल्या ओळीवर आयत्या वेळी दुसरी ओळ रचून गात, ती त्यांच्या शिक्षणाचाच भाग होती. तेव्हा आयत्या वेळी सुचलेली ओळ ही या संगीताला परकी नाही. वाद्य परकं आहे एवढंच.

दुसरा आक्षेप मला जास्त खरा वाटतो आणि त्याला उत्तर नाही. १९९४ हे वर्षच विलक्षण होतं. स्पेनमधल्या सिलोसच्या बेनेडिक्टाइन साधूंचे जुने ग्रेगोरियन पठणाचे आल्बम एकत्र करून त्याच वर्षी नव्या वेष्टनात बाजारात आले आणि लाखोंनी गेले. शांत व्हायला, झोप यायला, टबात बसून ऐकायला म्हणून लोकांनी ते घेतले. ‘ऑफिशियम’ त्याच लाटेवर चढला. आता मोरालेसच्या त्या रचनेतले शब्द बघा. ते बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकातले आहेत. सगळं गमावलेला, अंगभर फोड आलेला माणूस देवाला म्हणतो, मला सोड, माझे दिवस काहीच नाहीत. तू माणसावर एवढी नजर का ठेवतोस? हा माणूस शांत नाही, तो देवाशी भांडतोय. आणि हे भांडण जगभरच्या हॉटेलांच्या लॉबीत मंद आवाजात वाजायला लागलं. याचा दोष गायकांना देता येत नाही, पण घुमाऱ्यात शब्द विरघळवून टाकणाऱ्या ध्वनिमुद्रणाला थोडा देता येतो.

टॅलिस स्कॉलर्सनी त्याच काळात अगदी दुसरी वाट धरली होती. मुख्यतः रेनेसान्सचं, म्हणजे पंधराव्या-सोळाव्या शतकांतलं संगीत, पाहुणा वादक नाही, आणि १९८० च्या सुमाराला काढलेली स्वतःची ध्वनिमुद्रण कंपनी. १९८७ मध्ये त्याच काळातल्या जोस्कां दे प्रेच्या दोन मासच्या (चर्चमधल्या मुख्य उपासनेसाठीच्या रचनांच्या) आल्बमला ‘ग्रामोफोन’ मासिकाचा वर्षातला सर्वोत्तम आल्बम म्हणून मान मिळाला. जुन्या संगीताला तो पहिल्यांदाच मिळत होता. त्यांचं काम आजही चालू आहे. तेव्हा ‘बदललं नाही तर मराल’ हा निष्कर्ष या प्रकरणातून काढू नये.

यशाचा हिशेब

खपाच्या आकड्याने मंडळींचं रोजचं जगणं बदललं. गार्बारेकसोबतचे कार्यक्रम वीस वर्षं चालले, तेही मुख्यतः चर्चांत आणि कॅथीड्रलांत. ते एका जागी उभे राहत नसत. सॅक्सोफोन एका कोपऱ्यातून सुरू होई, आवाज दुसरीकडून येत, आणि प्रत्येक इमारतीचा घुमारा वेगळा म्हणून रोजचं गाणं वेगळं होई. चर्च भरायचं, आणि त्यात असे लोक असायचे ज्यांनी द्यूफायचं नावही ऐकलेलं नव्हतं.

१९९९ मध्ये दुसरा आल्बम आला, दोन सीडींचा. या वेळी गायकही जागचे हलले. प्राचीन ग्रीक स्तोत्राचे तुकडे, एस्टोनियाचं अंगाईगीत, दक्षिण अमेरिकेतलं गाणं, अर्धवट उरलेल्या हस्तलिखितांतल्या ओळी, असं सगळं घेऊन त्यांनीही आयत्या वेळी रचायला सुरुवात केली. कलाकार म्हणून ही पुढची पायरी होती, यात शंका नाही. मला तो आल्बम पहिल्याइतका धरून ठेवत नाही. सगळेच फिरायला लागले की टेकायला भिंत राहत नाही. २०१० मध्ये तिसरा आला, त्यात आर्मेनियाचं चर्चसंगीत, कोमितास या तिथल्याच रचनाकाराने जमवलेलं. तिथे ती भिंत परत आली.

या यशाचा उपयोग त्यांनी कुठे केला हे जास्त महत्त्वाचं. नवीन रचना लिहून घेणं त्यांनी वाढवलं. २००१ मध्ये बाखच्या एकट्या व्हायोलिनसाठीच्या शकोन या रचनेवर त्याच्याच कोरालच्या, म्हणजे चर्चमधल्या स्तोत्रगीतांच्या, ओळी गाऊन क्रिस्टोफ पॉपेनसोबत आल्बम केला. २००३ मध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिकबरोबर स्टीव्हन हार्टकीची सिंफनी गायली. आणि जेझुआल्दो, माशो, पेरोतां हे जुने रचनाकारही सोडले नाहीत. एका लोकप्रिय कार्यक्रमाच्या जोरावर दहा न खपणारे कार्यक्रम करायचे, हा व्यवहार आपल्या नाट्यसंस्थांना चांगला ठाऊक आहे.

चौघांत एक बदलला की काय होतं, हेही याच काळात दिसलं. २००१ मध्ये जॉन पॉटर गेला आणि स्टीव्हन हॅरोल्ड आला. खाटेचा एक पाय नवा घातला की चारही परत घासावे लागतात, तसं चौघांना पुन्हा एकमेकांत बसावं लागलं. दहा जणांच्या वर्गात नवा माणूस आठवड्यात मुरतो. चौघांत त्याचा रंग प्रत्येक स्वरपुंजात दिसतो.

बंद करण्याचा निर्णय

२० डिसेंबर २०१४ ला लंडनच्या विगमोर हॉलमध्ये त्यांचा शेवटचा कार्यक्रम झाला. चाळीस वर्षं पूर्ण. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत त्यात असलेला एकटा डेव्हिड जेम्स. कुणी भांडलं नव्हतं, कर्ज झालेलं नव्हतं, मागणी संपलेली नव्हती. ठरवून थांबले.

इथे दुसरा पर्याय समोर होता. किंग्ज सिंगर्स ही केंब्रिजची सहा जणांची मंडळी १९६८ पासून चालू आहे. मूळ सहांपैकी कुणीच आता त्यात नाही, एकेक करून सगळे बदलले आणि नाव चालत राहिलं. हिलिअर्डला तेच करता आलं असतं. हॅरोल्ड तरुण होता, त्याच्याभोवती तीन नवे गळे जमवता आले असते, आणि त्या नावावर चर्च भरलीच असती. माझ्या मते त्यांनी ते न करणं १९९३ च्या निर्णयाशी सुसंगत होतं. किंग्ज सिंगर्सचं भांडवल त्यांच्या कार्यक्रमाच्या ढंगात आहे, आणि ढंग शिकवता येतो. हिलिअर्डचं सगळं भांडवल त्या विशिष्ट चौघांनी मिळून लावलेल्या गांधारात होतं. त्याचं हस्तांतरण कसं करणार? तीन नवे गायक तेच सेंट मोजून गातील, पण पेरोतांच्या मिनिटभर धरलेल्या स्वरावर कुणी कधी श्वास चोरायचा हे पंचवीस वर्षं शेजारी उभं राहूनच कळतं.

गार्बारेकसोबतच्या अखेरच्या दौऱ्यातला, ऑक्टोबर २०१४ मधला बेलिन्झोनाचा कार्यक्रम मुद्रित झालेला होता. स्वित्झर्लंडच्या इटालियन भागातलं हे गाव. ईसीएमने तो आल्बम २०१९ मध्ये काढला, मंडळी बंद होऊन पाच वर्षं झाल्यावर. तो पहिल्या आल्बमशेजारी ठेवून ऐकावा. गळे थकलेले आहेत, काउंटरटेनरचा वरचा स्वर पूर्वीसारखा सहज लागत नाही, श्रोत्यांची खोकलाखोकली आहे, आणि घुमारा कमी असल्यामुळे लॅटिन शब्द नीट ऐकू येतात.